वर्ग केला आणि उत्तर उणे आलं!

आमच्या पिंपरीचा पिनकोड ४११०१८. अंकांची बेरीज १५, पण १५ ने भाग जात नाही. शेजारच्या भोसरी एमआयडीसीचा ४११०२६ घ्या: बेरीज १४, भागाकार बरोबर २९३५९. अशा संख्येला 'हर्षद' म्हणतात. हे नाव देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिलं.

त्यांच्या स्वतःच्या नावाच्याही संख्या आहेत. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज? परत १४२८५७! ही कापरेकर संख्या. (२७ ने भागून बघा, हर्षदसुद्धा आहे.)

मी जावामध्ये अशा संख्या शोधायचा छोटा प्रोग्राम लिहिला. ९, ४५, २९७ पटापट सापडल्या, पण १४२८५७ यादीत नाहीच. वर्ग प्रिंट केला तर −१०६६७१४०३१. वर्ग आणि उणे?

चूक माझीच. मी 'इंट' वापरला होता. तो ३२ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. (ही मूळ संख्या आहे, हे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं.) त्यापुढे गेलं की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा आकडा फिरतो, फक्त शून्यावर न येता थेट उणे टोकाला जातो. एरर येत नाही, हाच खरा वैताग. 'लाँग' लिहिलं आणि काम झालं.

१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी जुनी उपकरणंही याच आकड्यावर अडकणार: १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला त्यांच्यासाठी डिसेंबर १९०१ उजाडेल.