आजीला बाकड्यावर बसवून ठेवू नका

परीक्षा संपल्या की नांदेड-लातूरच्या कॉलेजांतल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : ‘इमॅजिका कधी?’ मित्रांसोबत जायचं असेल तर प्रश्नच नाही. ट्रॅव्हल्स बुक करा, रात्रभर गाणी म्हणा, सकाळी खोपोली गाठा. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरून उत्तर येतं, ‘एवढ्या लांब चाललात, तर सगळेच जाऊ.’ नांदेडहून नुसतं पुणंच साधारण साडेचारशे किलोमीटर. एवढा पल्ला काही दरवर्षी होत नाही. मग गाडीत तुमच्यासोबत आई-बाबा, आत्या, आत्याचं सहा वर्षांचं लेकरू आणि आजीसुद्धा.

गेटमधून आत गेलं की खरी गोची सुरू होते. तुम्ही ‘नायट्रो’च्या रांगेत पळता. लेकराला उंची मोजायच्या पट्टीपाशीच थांबवतात. आई म्हणते, ‘मला चक्कर येते, तुम्ही जा.’ आजी आठ जणांच्या चपला, पिशव्या आणि दशम्यांचा डबा सांभाळत बाकड्यावर. संध्याकाळी परत निघताना हिशोब केला तर तिकीट सगळ्यांचं लागलेलं, मजा मात्र दोघा-तिघांचीच झालेली असते.

म्हणून हे पान वाचणाऱ्या, ट्रिपचं प्लॅनिंग करणाऱ्या तुम्हालाच सांगतोय. दिवस आखताना आधी ‘डार्क राइड’ शोधा. नाव ऐकून भुताखेताचं काही वाटेल, तसं नाही. बंद इमारत, आत अंधार, रुळावरून किंवा पाण्यातून संथ जाणारी गाडी, आणि वळणावळणाला उजळणारे देखावे. भीती हा त्यातला एक प्रकार झाला. बाकीच्यांत गोष्ट असते, आणि ती बघायला पोटात गोळा यावा लागत नाही.

इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. तिथली ‘अलीबाबा और चालीस चोर’ ही घरच्या सगळ्यांसाठी सगळ्यात सोयीची. गाडीत बसायचं, हातात बंदूक घ्यायची, अंधारातून डोकावणाऱ्या चोरांवर नेम धरायचा. गुण मोजले जातात. इथे ताकद लागत नाही, तरुण असणंही लागत नाही. जत्रेत फुगे फोडण्यात ज्यांचा हात बसलाय ते काका तुम्हाला सहज हरवतील.

‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ मात्र जरा विचार करून. ही बोटीची राइड. डायनोसॉरच्या दुनियेतून बोट शांत जाते आणि शेवटी वरून खाली झेपावते. ज्यांची कंबर किंवा मान दुखते त्यांना आधी सांगा, आणि सगळे भिजणार हे धरून चाला. यातला राजासॉरस कुणी कल्पनेतून काढलेला नाही. गुजरातेत रहियोलीजवळ १९८०च्या दशकात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’. ज्या लाव्हातून आपल्या लातूरचा काळा कातळ आणि त्यावरची काळी माती तयार झाली, तो लाव्हा त्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, उसळला होता. रांगेत उभं असताना धाकट्याला हे सांगा. वेळही जाईल, आणि आतला डायनोसॉर त्याला ओळखीचाही वाटेल.

‘सलीमगढ’ हे तिथलं भुताचं प्रकरण. लहान लेकरांना तिथे ओढून नेऊ नका. ‘घाबरट कुठला’ म्हणून चिडवून तर मुळीच नाही.

आता अंधारच कशाला, ते बघा. अंधारात तुम्हाला भिंत दिसत नाही, त्यामुळे खोली किती मोठी आहे ते कळत नाही. रूळ सापासारखा वळवळत त्याच लहान जागेत फिरतो, पण तुम्हाला वाटतं आपण लांब आलो. सगळं काळ्या रंगाने रंगवलेलं, आणि जे दाखवायचं तेवढंच चमकणाऱ्या रंगात, अतिनील दिव्याखाली. गाडी ज्या बाजूला तोंड करते तिकडेच तुम्ही बघता. सिनेमात जे काम कॅमेरा करतो ते इथे गाडी करते. मधेच राइड बंद पडली आणि आतले दुरुस्तीचे दिवे लागले, तर प्लायवूड, पाइप आणि वायरी दिसतात. गूढ गुहा क्षणात गोडाऊन होते. (असं झालं तर गाडीतून उतरू नका, कर्मचारी येईपर्यंत बसून राहा.)

याची सुरुवात मोठ्या भांडवलातून झाली असं समजू नका. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका लहानशा बागेचे मालक लिओन कॅसिडी यांना त्या काळी लोकप्रिय असलेली, अंधाऱ्या बोगद्यातून पाण्यावर फिरणारी बोट हवी होती. ती परवडेना. मग १९२८च्या सुमारास त्यांनी पाणीच काढून टाकलं : एक रूळ, विजेवर चालणारी छोटी गाडी आणि काळोख. वाकडातिकडा रूळ पाहून तिचं नाव पडलं ‘प्रेट्झेल’, म्हणजे तिकडचा पीळ घातलेला खारा पाव. आपल्याकडे चकली म्हटलं असतं. पुढे १९५५ मध्ये डिस्नेलँडने याच तंत्रात परीकथा आणली. स्नो व्हाइटच्या राइडमध्ये बसणारा माणूस म्हणजेच स्नो व्हाइट, अशी कल्पना होती, म्हणून तिची बाहुली ठेवलीच नव्हती. लोक बाहेर येऊन विचारत, ‘स्नो व्हाइट कुठंय?’ शेवटी १९८३ मध्ये तिला आत आणावं लागलं.

आपल्याकडे याचा सगळ्यात जवळचा भाऊ म्हणजे जत्रेतला पत्र्याचा भूतबंगला. लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरला महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेत पाळण्यांच्या गर्दीत असा एखादा बंगला तुम्ही पाहिलाच असेल. तिथे चालत जायचं असतं, आणि मुखवट्यामागे खरा माणूस असतो. माझं मत विचाराल तर घाबरवण्यात हा माणूसच भारी, कारण कुणाला किती घाबरवायचं हे त्याला चेहरा बघून कळतं. मशीन मात्र आजीला आणि तुम्हाला सारखंच घाबरवतं. त्यामुळे कोण झेपेल, कोण नाही, हे आधीच बघणं तुमच्याकडे येतं.

ते कसं बघायचं? एक तर आधी तुम्ही जाऊन या आणि येऊन लेकराला खरं सांगा : किती वेळ अंधार आहे, कुठे मोठा आवाज आहे. ‘काही नाही रे’ म्हणून फसवलंत तर दिवसभर ते दुसऱ्या कशातच बसणार नाही. आत त्याला कडेला नाही, मधे बसवा. आजीच्या डोळ्यांचाही विचार करा. दुपारच्या उन्हातून थेट आत गेलं की डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, वय वाढेल तसा जास्तच. पहिले दोन-तीन देखावे तिला दिसतच नाहीत. म्हणून गॉगल आत शिरतानाच काढायला सांगा आणि सावलीतल्या रांगेत थोडं निवांत थांबा. गाडीत चढता-उतरताना हात द्या, पदर किंवा ओढणी खोचून घ्यायला सांगा. हृदयाचा त्रास, बीपी, नुकतंच झालेलं ऑपरेशन याबद्दल दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ती पाटी मोठ्याने वाचा, कारण घरात कुणी स्वतःहून सांगत नाही. आणि मोबाइलचा टॉर्च खिशातच ठेवा. मागच्या गाडीतल्यांचाही अंधार असतो तो.

खोपोली फारच लांब पडत असेल आणि घरचे नाहीतरी शिर्डीला निघाले असतील, तर तिथे ‘साई तीर्थ’ हे थीम पार्क आहे. ते संगमनेरच्या मालपाणी समूहाचं. याच समूहाने २०२२ मध्ये इमॅजिकाही घेतलं. तिथल्या ‘तीर्थयात्रा’ या राइडमध्ये बसल्या जागी देशातल्या देवळांच्या देखाव्यांतून फिरता येतं. नांदेडहून मनमाडच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने नगरसोलला उतरलं की शिर्डी जवळच. इथे आजीला आग्रह करायची गरज पडणार नाही, उलट तीच तुम्हाला रांगेत उभं करेल. पिशव्या त्या वेळी लॉकरमध्ये टाका.