होयचे बहुमत आहे

एप्रिल २०२४. आमच्या यवतमाळ-वाशिमचं मतदान २६ तारखेला होतं आणि हाताशी दहा-बारा दिवस होते. वाशिमच्या पाटणी चौकात दुपारी कुत्रंही दिसत नव्हतं. मी ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे कूलरसमोर बसून लोकसभेच्या कामकाजाची पानं छापून घेत होतो. खासदाराचं प्रगतिपुस्तक करायचं मनात होतं. हजेरी किती, प्रश्न किती, चर्चेत भाग किती वेळा, हे पीआरएससारखी संस्था मांडून ठेवते आणि निवडणूक आली की ते आकडे पत्रकावर छापूनही येतात. मला त्यापलीकडचं हवं होतं. माणूस उदारमतवादी आहे की नाही, हे त्यानं सभागृहात दाबलेल्या बटणावरून ठरवायचं. भाषणात सगळेच उदार असतात.

कल्पना माझी नव्हे, अमेरिकेतली. तिथं १९४७ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक ॲक्शन’ ही संस्था वर्षातली वीस महत्त्वाची मतदानं निवडायची. प्रत्येक लोकप्रतिनिधीनं त्यात काय केलं ते तपासायचं, प्रत्येक ‘बरोबर’ मताला पाच गुण द्यायचे आणि शंभरपैकी त्याचा उदारमतवादाचा अंक काढायचा. वीस प्रश्नांची परीक्षा, निकाल छापील. यातली खोच मला नंतर कळली. गैरहजर राहिलात तरी त्या मताचे गुण जातात, म्हणजे आजारी पडलेला उदारमतवादी कागदावर सनातनी होतो. ‘नॅशनल जर्नल’ नावाच्या साप्ताहिकाचं गणित वेगळं होतं. त्यांनी २००३ साठी जॉन केरी आणि २००७ साठी बराक ओबामा यांना सर्वांत उदारमतवादी सिनेटर ठरवलं. दोघंही त्या काळात अध्यक्षपदाच्या प्रचारात होते आणि बऱ्याच मतदानांना हजरच नव्हते. तरीही तिथं मोजायला काहीतरी असतं. एकाच पक्षातले दोघं दोन बाजूंना मत देतात, म्हणून माणूस पक्षापासून वेगळा काढता येतो.

तर माझी पानं. लोकसभेच्या कामकाजात मतविभागणीची यादी येते ती भाषणांच्या शेवटी. वर क्रमांक, वेळ, मग ‘होय’ आणि खाली आडनावानुसार नावं. आडनाव आधी, मग श्री किंवा श्रीमती, मग नाव. काही नावांच्या डोक्यावर फुली. ही फुली मला फार आवडली. तळटीप वाचली की कळतं, या सदस्यानं चिठ्ठीनं मत नोंदवलं किंवा बटणावर चुकीचं पडलेलं मत चिठ्ठीनं दुरुस्त केलं. आकडा जाहीर होतो तोच मुळी ‘दुरुस्तीच्या अधीन’ राहून. आधी घंटा वाजते, लॉबी मोकळी होते, दारं बंद होतात, मग प्रत्येकानं एक कळ दाबून धरायची आणि त्याच वेळी होय, नाही किंवा तटस्थ यांतलं एक बटण दाबायचं. दोन हातांचं काम. एवढ्या गडबडीत देशाच्या कायद्यावर चुकून ‘नाही’ म्हणणारे असतात, हे वाचून जरा बरंही वाटलं.

पहिल्या चार-पाच याद्यांत मी वाशिमचं नाव बोट फिरवून शोधलं. १९९९ पासून, म्हणजे वाशिम मतदारसंघ होता तेव्हापासून आणि २००९ नंतर यवतमाळ-वाशिम झाल्यावरही, इथून भावना गवळी सलग निवडून आल्या होत्या. मग झेरॉक्सवाल्यानं पान हातात देताना नुसतं बघून सांगितलं, “भाऊ, कायले डोये फोडता? पक्ष पाह्यला का मत समजते.”

त्याचं बरोबर होतं. मी नाव शोधणं सोडलं.

नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचं उदाहरण घ्या, कारण उदारमतवादाच्या कोणत्याही परीक्षेत हा प्रश्न येणारच. लोकसभेत ते ९ डिसेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झालं. शिवसेना बाजूनं होती. दोन दिवसांनी, ११ तारखेला, राज्यसभेत १२५ विरुद्ध १०५. तिथं शिवसेनेचे सदस्य मतदानाच्या वेळी सभागृहात नव्हते. सोमवार ते बुधवार या काळात कुणाचं अंतःकरण पालटलं नव्हतं. मुंबईत काँग्रेसच्या पाठिंब्यावर नुकतंच सरकार आलं होतं आणि दिल्लीत त्याचा हिशेब उशिरा पोचला. आता प्रगतिपुस्तकात काय लिहायचं? लोकसभेच्या सदस्याला शून्य आणि राज्यसभेच्या सदस्याला अर्धा? याच पक्षानं २० जुलै २०१८ ला मोदी सरकारवरच्या अविश्वास ठरावावर, स्वतः मंत्रिमंडळात असताना, मतदानाकडे पाठ फिरवली होती. गैरहजेरीला शून्य देणारी अमेरिकन पद्धत इथं लावली तर जे काही निघेल त्याला नाव नाही.

पक्ष पाहिला की मत कळतं, याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या कारणाचं वय अनेकांना ठाऊक नसतं. १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, दहावी अनुसूची आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा दिलंच नाही, आणि पक्षानं पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. ‘आयाराम-गयाराम’ थांबवायला आणलेला कायदा. गंमत म्हणजे तेव्हा वाशिमचे खासदार होते गुलाम नबी आझाद. जम्मूकडचे, १९८० आणि १९८४ मध्ये इथून निवडून आलेले. आणि त्या कायद्याचा चाबूक प्रत्यक्ष ज्यांच्या हातात असतो त्या प्रतोदपदाचा एक गाजलेला तंटाही पुढे वाशिमच्याच वाट्याला आला. शिवसेनेच्या लोकसभेतल्या मुख्य प्रतोद भावना गवळी होत्या. पक्ष फुटल्यावर, जुलै २०२२ मध्ये, उद्धव ठाकरे यांच्या बाजूनं त्यांना काढून राजन विचारे यांना नेमलं, आणि शिंदे गटानं मुख्य प्रतोद म्हणून गवळींचंच नाव दिलं. एका पक्षाला दोन प्रतोद. पुढे ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं विधानसभेतल्या प्रकरणात सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे.

प्रतोद हा शब्द आपण फार सोवळ्यानं वापरतो. मुळात तो बैल हाकायचा चाबूक, टोचणी. आमच्याकडे पराणी म्हणतात, टोकाला खिळा असतो. पक्षादेशाच्या कागदावर मजकुराखाली रेघा ओढायची रीत आहे. तीन रेघा म्हणजे हजर राहा आणि सांगतो तेच कर. सोयाबीनच्या पेरणीत बैल कोणत्या तासात चालला यावरून बैलाचा स्वभाव ठरवायला निघालो होतो मी.

असं नेहमीच नव्हतं, असं म्हणायची सवय आहे. मीही म्हणणार होतो. महाराष्ट्रात उदारमतवादी म्हटलं की गोखले. त्यांचं सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९ मार्च १९१२ ला केंद्रीय कायदेमंडळात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. ते तेरा आणि हे अडतीस यांची परीक्षा घेता येईल असं वाटतं. पण त्या मंडळात सरकारी सभासदांचं बहुमत होतं आणि त्यांना सरकारच्या बाजूनंच हात वर करावा लागे. मत मोजण्यासारखं होतं ते बिनसरकारी सभासदांचं. १९८५ नंतर आपण सगळ्यांनाच सरकारी सभासद करून टाकलं, एवढाच फरक. फक्त सरकारऐवजी पक्ष.

आणि हे झालं नोंद असलेल्या मतांचं. आमच्या जिल्ह्याला ज्या कायद्यांशी सगळ्यात जास्त घेणंदेणं होतं त्यांची यादीच नाही. वाशिम, कारंजा, मंगरुळपीरच्या बाजार समित्यांत सोयाबीन आणि तूर घेऊन उभं राहणाऱ्या माणसाच्या पोटाशी निगडित असलेले शेती कायदे. बाजार समितीबाहेरच्या व्यापाराचं आणि कराराच्या शेतीचं, ही दोन विधेयकं लोकसभेत १७ सप्टेंबर २०२० ला आवाजी मतदानानं झाली. २० तारखेला राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी मागितली, गदारोळ झाला, आणि तिथंही आवाजीच झालं. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित. २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेतले तेही चर्चेविना, आवाजीनं. आले तेव्हा कोण होय म्हणालं, गेले तेव्हा कोण होय म्हणालं, कागदावर काही नाही. मणिपूरवरचा अविश्वास ठराव १० ऑगस्ट २०२३ ला फेटाळला गेला तोसुद्धा आवाजीनं, विरोधक उठून गेल्यावर. नावं हमखास छापली जातात ती घटनादुरुस्तीची, कारण तिथं दोन-तृतीयांशाचा हिशेब दाखवावाच लागतो. पण घटनादुरुस्तीला बहुतेक सगळे होयच म्हणतात.

बहुतेक. महिला आरक्षणाच्या विधेयकाला २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ जण होय म्हणाले, दोघं नाही. नवी इमारत, म्हणून चिठ्ठ्यांवर मतदान. हिरवी चिठ्ठी, लाल चिठ्ठी. त्या दोघांत एक असदुद्दीन ओवैसी आणि दुसरे आपल्याकडचे, छत्रपती संभाजीनगरचे इम्तियाज जलील. माझ्या वीस प्रश्नांच्या परीक्षेत जलील महिलांच्या विरोधात, सपशेल नापास. त्यांचं म्हणणं काय होतं? यात ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळी जागा नाही. ते पटो न पटो, पण हा ‘नाही’ आरक्षणच नको म्हणणाऱ्याचा नव्हता. आणि त्या ४५४ ‘होय’मध्ये किती जणांना घरी सरपंच बायकोच्या सह्या स्वतः करायची सवय असेल, ते चिठ्ठीच्या रंगावरून कळत नाही. त्या दिवशीची बोलकी मतं लालच होती, आणि तीच माझ्या पद्धतीनं सगळ्यात चुकीची वाचली असती.

विधानसभेकडे वळलो तर आणखी धुकं. हिवाळी अधिवेशनात आमच्याकडून लोक नागपूरला मोर्चाला जातात. मी एकदा गॅलरीत बसलो. मोबाइल खाली जमा. अध्यक्ष एका सुरात म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत आहे, होयचे बहुमत आहे, विधेयक संमत झाले. ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यामधली जागा इतकी बारीक की तिथं शिंक आली तरी मोजली जावी. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये याच नागपुरात आवाजी मतदानानं झाला. वर्षानुवर्षं तो कुणी रखडवला, कुणी तो मसुदा पातळ करायला लावला, हे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. मतांच्या नोंदीत त्यातलं काही नाही. कायदा मारायचा असेल तर त्याला ‘नाही’ म्हणावंच लागत नाही, तो पुढच्या अधिवेशनावर ढकलला की झालं. उलट जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत आलं, तेव्हा डहाणूचे विनोद निकोले या एकट्यानं विरोध नोंदवला म्हणून त्यांचं नाव बातमीत तरी आलं. शिरगणती होते ती सरकार पडणार की राहणार हे ठरवायचं असेल तेव्हा. जुलै २०२२ मध्ये प्रत्येक आमदार उभा राहून आपला क्रमांक सांगत होता आणि दूरदर्शनवर ते पाहायला आमच्या चौकातलं पानाचं दुकान भरलं होतं. खुर्चीसाठी नाव घेऊन मोजतात, कायद्यासाठी घोळक्यानं.

माझं प्रगतिपुस्तक अर्थातच झालं नाही. वही मात्र ठेवली. त्यात शेवटची ओळ एप्रिल २०२५ ची आहे, वक्फ दुरुस्ती विधेयकाची. लोकसभेत २८८ विरुद्ध २३२. आमचा जिल्हा दोन लोकसभा मतदारसंघांत चिरलेला. वाशिम आणि कारंजा विधानसभा यवतमाळ-वाशिममध्ये, रिसोड अकोल्यात. यवतमाळ-वाशिमचे संजय देशमुख ठाकरे यांच्या शिवसेनेचे, आणि तो पक्ष विरोधात. अकोल्याचे अनुप धोत्रे भाजपचे, आणि तो पक्ष बाजूनं. म्हणजे एका रात्रीत वाशिम तालुका एकीकडे आणि रिसोड-मालेगाव दुसरीकडे. मधल्या रस्त्यावर एसटीनं तासाभराचा प्रवास. उदारमतवादाची सीमा नेमकी कोणत्या थांब्यावर येते ते मला सांगता आलं नाही.

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला मी मित्राच्या गावी होतो. विषय होता ई-क्लास जमिनीवर सगळ्यांसाठी एकच स्मशानशेड बांधण्याचा. गावात आतापर्यंत दोन जागा होत्या आणि त्या का दोन होत्या ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. ग्रामसेवकांनी प्रोसिडिंग बुकात ठराव आधीच लिहून ठेवला होता. सूचक, अनुमोदक, आणि खाली ‘सर्वानुमते मंजूर’. सरपंचबाईंनी विचारलं, मंजूर हाय ना? मंडपातून होय आला. मग मागून, कडुनिंबाच्या बाजूनं, एक जाडा आवाज, “आमाले नाई पाह्यजे.”

कुणी मान वळवून पाहिलं नाही. ग्रामसेवकांनी ‘सर्वानुमते’वर आडवी रेघ मारली, वर बारीक अक्षरात ‘बहुमताने’ लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. मी वाकून विचारलं, विरोध करणाऱ्याचं नाव नाही लिहायचं? ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, “नाव कायले? आवाज सगळ्या गावानं वयखला.”