ज्ञान व्यवस्थापन

ज्ञान व्यवस्थापन म्हणजे संस्थेतील माणसांनी कामातून मिळवलेले ज्ञान जतन करण्याची, ते इतरांपर्यंत पोहोचवण्याची आणि पुन्हा वापरात आणण्याची व्यवस्था. संस्था लहान असते तेव्हा कोणाला काय येते हे सर्वांना ठाऊक असते. माणसे शेकड्यांनी वाढली, कचेऱ्या निरनिराळ्या शहरांत गेल्या, की एकाने सोडवलेला प्रश्न दुसरा पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसतो.

व्यक्त आणि अव्यक्त ज्ञान

माणसाला अवगत असलेले सारेच ज्ञान शब्दांत मांडता येत नाही, हा विचार मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडला. नेरसारख्या यवतमाळ जिल्ह्यातील कापूसपट्ट्यात अनुभवी पारखी कापूस मुठीत दाबून त्यातील ओल अजमावतो. ही पारख नवख्याला त्याच्यासोबत राहूनच येते. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ च्या ग्रंथात अशा अव्यक्त ज्ञानाचे व्यक्त ज्ञानात रूपांतर कसे होते याचे विवेचन केले. संगणकात साठवता येतो तो व्यक्त भागच, त्यामुळे केवळ संगणक-प्रणाली विकत घेतल्याने ज्ञान व्यवस्थापन साधत नाही.

इन्फोसिसमधील प्रयोग

इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी केली. १९८३ मध्ये कंपनीचे मुख्यालय बंगळूरला गेले. कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे तिची माणसे, ती रोज संध्याकाळी दाराबाहेर पडतात, असे संस्थापकांपैकी एक नारायण मूर्ती सांगत. कर्मचाऱ्यांनी आपले अनुभव लिहून ठेवावेत असा उपक्रम कंपनीत १९९० च्या दशकातच सुरू झाला होता. कोणत्या विषयाचा जाणकार कोण, हे सांगणारी सूचीही अंतर्गत संकेतस्थळावर होती. ही सूची साधी खरी, पण शोधणाऱ्याला ती कागदाऐवजी माणसापर्यंत नेत असे.

२००१ पर्यंत कर्मचाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या जवळ गेली. लेखन वाढावे म्हणून याच सुमारास ‘नॉलेज करन्सी युनिट’ नावाची गुणपद्धती आणली गेली. लेख देणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला गुण मिळत व त्यांच्या बदल्यात भेटवस्तू घेता येत. लेखांचा ओघ एकदम वाढला. मात्र तपासणाऱ्यांवर ताण पडला आणि लेखांच्या दर्जाविषयी शंका येऊ लागली. त्याहून गंभीर बाब अशी की, सहकाऱ्याला एरवी आपुलकीने केली जाणारी मदतही गुणांच्या हिशेबात मोजली जाण्याचा धोका निर्माण झाला. पुढे कंपनीने पद्धत बदलली: लेखांच्या संख्येपेक्षा वापरणाऱ्याला तो किती उपयोगी पडला याला अधिक वजन दिले. या घडामोडींचा अभ्यास रघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. एका टप्प्यावर लाभदायक ठरलेला उपायच पुढे अडथळा कसा बनतो, हे त्यांनी त्यात दाखवले आहे.

नेतृत्वाची भूमिका

वरिष्ठ स्वतः लिहीत नसतील, कनिष्ठांना विचारत नसतील, तर इतरही ते काम टाळतात. लेखनासाठी कामाच्या वेळेतच सवड द्यावी लागते. जुने लेख काढून टाकण्याची जबाबदारीही कोणावर तरी सोपवावी लागते, कारण कालबाह्य माहितीमुळे नवा कर्मचारी हमखास चुकतो. निवृत्त होणाऱ्याच्या हाताखाली त्याच्या जागी येणाऱ्याने काही महिने आधीपासून काम करणे, ही यातील जुनी रीत आहे. अनेक संस्थांमध्ये मात्र पद रिकामे झाल्यावरच ते भरण्याचा विचार सुरू होतो.