गाडी लांबून सुरू करावी का?

मंडळी, नवी गाडी घ्यायची म्हटलं की आधी किंमत ठरते, मग रंग ठरतो, हप्ता ठरतो. सगळं ठरल्यावर शोरूममधला तरुण एक कागद पुढे सरकवतो. सीटकव्हर, मॅट, मागचा कॅमेरा अशी ती यादी असते. अलीकडे त्यात आणखी एक ओळ दिसते, रिमोट स्टार्ट. किल्लीवरचं किंवा मोबाइलवरचं बटण दाबायचं, की खाली उभी असलेली गाडी सुरू होते. आपण जिना उतरून जाईपर्यंत एसीनं गाडी गार झालेली असते. ही सोय नव्या गाडीला बसवून घ्यावी की नाही, याबद्दल आज बोलायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. इंजिनाशी माझं नातं प्रवाशाचं. पण आमच्या घरात हा प्रश्न गंमत म्हणून आला नाही. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. अकोल्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. दुपारी तीनच्या सुमारास आपा सुटते तेव्हा अंगात त्राण नसतं, रक्तदाब उतरलेला असतो, आणि रुग्णालयाच्या आवारात उन्हात चार तास उभी राहिलेली गाडी भट्टी झालेली असते. भाच्यानं नवी गाडी नोंदवली आणि मला विचारलं, "मामू, चौदा हजारांत रिमोट स्टार्टचं किट बसवून देतात. बसवू का?" त्याच्या प्रश्नामागे आईची काळजी होती, म्हणून उत्तरही नीट शोधावं लागलं. ओळखीचे मेकॅनिक, गाड्यांचं वायरिंग करणारे, विम्याचं काम बघणारे, सगळ्यांना विचारत गेलो. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडतो.

गाडी सुरू करणं हे एके काळी मनगटाचं काम होतं. आपल्याकडच्या जुन्या ट्रकांना आणि अॅम्बॅसडरलाही पुढून हँडल मारून सुरू करता येत असे. ते हँडल उलटा झटका देई आणि माणसाचा हात मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं विजेचा स्टार्टर बनवला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसून आला. तेव्हापासून काम मनगटाकडून बोटांकडे गेलं. पण किल्ली फिरवणारा माणूस गाडीत बसलेलाच असे. रिमोट स्टार्टनं पहिल्यांदाच तो माणूस गाडीपासून दूर नेला. या सोयीचे सगळे फायदे आणि सगळे धोके या एका गोष्टीतून निघतात.

ही सोय खरी रुजली ती थंड मुलखात. माझी मुलगी कॅनडात विनिपेगला असते. तिथे हिवाळ्यात उणे वीस, उणे पंचवीस नेहमीचंच. इंजिनातलं तेल काकवीसारखं दाट होतं, बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, काचेवर बर्फाचा थर बसतो. तो थर निघाल्याशिवाय समोरचं दिसत नाही, म्हणजे गाडी हाकताच येत नाही. तिथले लोक रात्री गाडीला विजेचा प्लग लावून इंजिन कोमट ठेवतात आणि सकाळी घरातून बटण दाबून गाडी सुरू करतात. तिथे ही चैन नाही. मात्र तिथले जाणकारही सांगतात की इंजिनासाठी म्हणून दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी चालू ठेवू नका. आजच्या इंजिनाला अर्धं-एक मिनिट पुरतं, मग हळू चालवत निघावं, चालतानाच ते लवकर तापतं. जर्मनीत तर विनाकारण इंजिन चालू ठेवायला वाहतुकीच्या नियमांतच बंदी आहे.

आपला प्रश्न उलटा, गारव्याचा. बंद गाडी किती तापते यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर साधारण बावीस ते पस्तीस अंश असताना त्यांनी मोजमाप केलं. तासाभरात आतली हवा बाहेरच्यापेक्षा सरासरी बावीस अंशांनी तापली, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा बोटभर उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. अकोल्याच्या उन्हात काय होत असेल याचा अंदाज करा. तेव्हा आजारी माणसाला बसवण्याआधी गाडी गार करणं हे लाड नव्हेत, गरज आहे. मुद्दा एवढाच, की ती कशी करायची.

इथे एसीचं गणित समजून घ्यावं लागतं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी उभी असताना इंजिन सावकाश फिरतं, म्हणून कॉम्प्रेसरही सावकाश फिरतो आणि गारवा कमी मिळतो. गाडी चालू लागली की दोन्ही वेग घेतात, शिवाय पुढून वारा लागतो. म्हणून दहा मिनिटं उभ्या गाडीत जे होत नाही ते चार-पाच मिनिटं चालवून होतं. उभं राहून इंजिन पेट्रोलही पितं. लहान गाडी एसी लावून उभी ठेवली तर तासाला ढोबळमानानं एक लिटर धरा. रोजची दहा मिनिटं, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे पन्नास लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी पाच हजार रुपये धुरात गेले.

पण पैशापेक्षा मोठ्या गोष्टी पुढे आहेत.

पहिली गोष्ट गिअरची. आपल्याकडे अजून कितीतरी गाड्या हातानं गिअर टाकायच्या आहेत, आणि उतारावर लावलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची ही चांगल्या ड्रायव्हरची सवय. अशी गाडी आत कुणी नसताना, क्लच दाबलेला नसताना सुरू केली तर काय होईल? ती पुढे उडी मारेल. पुढे भिंत असेल, नाहीतर खेळणारं पोर असेल. ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'मध्ये नसेल तर कंपनीनं बसवलेली यंत्रणा ती सुरूच करत नाही. हाताच्या गिअरच्या गाडीला बाहेरून किट बसवणारे यावर उपाय करतात. गाडी न्यूट्रलला आणायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू ठेवूनच उतरायचं, दार लावायचं, मग इंजिन बंद होतं. त्यानंतर एकही दार उघडलं तर रिमोट स्टार्ट रद्द. पद्धत हुशारीची आहे. पण ती चालते दाराच्या आणि ब्रेकच्या स्विचांवर, आणि ते स्विच जोडणारा कारागीर किती काळजीचा आहे यावर. भाच्याची गाडी हाताच्या गिअरची. पहिली शंका इथेच आली.

दुसरी गोष्ट किल्लीची. आजच्या किल्लीच्या मुठीत एक बारीक चिप असते. गाडीचा संगणक तिची ओळख पटवतो आणि मगच इंजिन सुरू होऊ देतो. याला इमोबिलायझर म्हणतात. चोरट्याला नुसत्या तारा जोडून गाडी पळवता येत नाही ती यामुळेच. आता लांबून गाडी सुरू करायची तर किल्ली गाडीत नसते. मग किटवाले या पहारेकऱ्याला चकवतात. कुणी वेगळा मोड्यूल लावतात, कुणी सरळ दुसरी किल्ली डॅशबोर्डच्या आत दडवून ठेवतात. म्हणजे घराला भक्कम कुलूप लावायचं आणि किल्ली उंबऱ्याखाली ठेवायची! उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली गाडीबरोबरच गेली, हे त्यांना कसं पटवणार? शिवाय किट बसवताना कंपनीच्या तारा कापून जोड दिले तर विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि कच्चा जोड उन्हाळ्यात तापून पेट घेऊ शकतो. कंपनीतूनच आलेली सोय आणि बाहेरून बसवलेलं किट यांत फरक पडतो तो इथे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर, धुराची. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीनं चिकटतो. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठतच नाही. अमेरिकेत बटणानं सुरू होणाऱ्या गाड्या लोक चुकून चालूच ठेवून घरात गेले, खालच्या गॅरेजमधला धूर वर घरात शिरला आणि माणसं झोपेत दगावली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं २००६ पासूनचे असे दोन डझनांहून अधिक मृत्यू मोजून दाखवले. त्या गाड्या रिमोटच्या नव्हत्या, पण धडा तोच आहे. बटण खिशात दाबलं जाऊ शकतं, पोराच्या हाती लागू शकतं. कंपनीच्या यंत्रणेत इंजिन काही मिनिटांनी आपोआप बंद होतं, हे खरं. तरी बंद गॅरेजात काही मिनिटंही पुष्कळ होतात. आपल्याकडे इमारतीखाली खांबांमधल्या जागेत गाड्या लागतात आणि त्याच मजल्यावर वॉचमनचं कुटुंब एका खोलीत राहतं. वर आपण चपला घालत असतो, आणि खाली आपल्या गाडीचा धूर त्यांच्या खिडकीतून आत जात असतो.

चौथी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं १२६ वं कलम सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा चालक नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी व्यवस्था तरी हवी. 'पार्क'मध्ये अडकवलेली ऑटोमॅटिक गाडी या शेवटच्या वाक्यात बसते असं कुणी म्हणेल. हाताच्या गिअरची, बाजारातल्या किटवर चालणारी गाडी रस्त्यावर सुरू ठेवून हा युक्तिवाद करायची वेळ येऊ नये.

आणि एक गोष्ट कुठल्याच कलमात लिहिलेली नाही. आपण गाडीकडे चालत जातो तेव्हा नकळत एकदा खाली वाकून, मागे वळून बघतो. उन्हाळ्यात गाडीच्या सावलीला कुत्रं निजलेलं असतं, थंडीत मांजर बॉनेटखाली ऊब शोधत शिरतं, लहान मूल चेंडू काढायला चाकाशी बसलेलं असतं. दुसऱ्या मजल्यावरून दाबलेल्या बटणाला हे काहीच दिसत नाही. इंजिन सुरू करण्याआधीची ती एक नजर हीसुद्धा गाडी चालवण्याचाच भाग आहे.

मग ही सोय कुणीच घेऊ नये का? तसं मी म्हणणार नाही. गाडी ऑटोमॅटिक आहे, सोय कंपनीतूनच आली आहे, गाडी मोकळ्या खासगी आवारात उभी राहते, तर खुशाल वापरावी. बर्फाच्या मुलखात राहणाऱ्यांनी तर जरूर घ्यावी, फक्त गॅरेजमध्ये नव्हे, बाहेर. विजेवर चालणारी गाडी घेणार असाल तर प्रश्नच पालटतो. तिचा एसी बॅटरीवर चालतो, इंजिन नाही, धूर नाही. चार्जिंगचा प्लग लावलेला असताना आधी गार करून घेतली तर बॅटरीही फारशी खर्च होत नाही. पण हाताच्या गिअरच्या नव्या गाडीच्या तारा कापून किट बसवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

भाच्यानं विचारलं, मग ऑटोमॅटिक घेऊ का, कंपनीचं रिमोट असलेली? ती दीड-दोन लाखांनी महाग पडत होती. औषधांच्या बिलांशेजारी हा आकडा ठेवून पाहिला आणि तो विचार सोडला. बोलणं चाललं होतं तेव्हा आपा पलंगावरून म्हणाली, "मला गाडी आधी सुरू झालेली नको, दाराशी आलेली हवी." खरं उत्तर त्यातच होतं.

आता ते असं करतात. गाडीच्या पुढच्या काचेला चकाकता पडदा लावतात, जमेल तेव्हा कडुनिंबाखाली जागा धरतात. आपाची सुई निघून पट्टी बांधली, रक्तदाब बघून झाला, की सुनेला तिच्याजवळ बसवून भाचा खाली जातो. एका बाजूची काच उतरवून समोरच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करतो, म्हणजे आतली कोंडलेली आच बाहेर पडते. मग काचा उघड्या ठेवून एसी पूर्ण लावून निघतो, मिनिटभरानं काचा चढवतो, आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबतो आणि चौकाला एक वळसा घालून येतो. पाच मिनिटांत गाडी दाराशी येते तेव्हा आत बसण्याजोगा गारवा असतो. व्हीलचेअर वऱ्हांड्याच्या सावलीतून थेट गाडीशी लागते.

तुमच्या घरी हा कागद पुढे आला तर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. गिअर हाताचा की ऑटोमॅटिक? सोय कंपनीची की बाजारातली? गाडी उभी राहते तिथून धूर कुणाच्या घरात जातो? आणि गाडी सुरू होईल तेव्हा तिच्याकडे कुणाची नजर असेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोरूममध्ये मिळतील. उरलेल्या दोहोंसाठी आपल्याच इमारतीखाली जाऊन उभं राहावं लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)