मुठीपुढचा गार्ड

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धनच्या वाड्यांमधल्या पोफळी, माड, आंबे, फणस एका दुपारीत आडवे झाले. त्यानंतर कित्येक दिवस त्या भागात उजाडायचं ते चेनसॉच्या आवाजानं. तिकडे या यंत्राला सरसकट 'कटर' म्हणतात. अशाच एका वाडीत, पाणंदीवर पडलेला फणस तोडताना, खोडात रुतलेल्या जुन्या तारेवर चेन गेली आणि तिची धार मेली. कटर चालवणाऱ्या पोरानं मशीन बंद केलं, खोडावरच बैठक मारली आणि चेन बदलायला घेतली.

बाजूच्या कव्हरचे दोन नट निघाले, पण कव्हर निघेना. त्यानं फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून ते उचकटलं. चेन ज्याच्या कडेवरून धावते त्या लांब पात्यावर, म्हणजे बारवर, नवी चेन चढवली, कव्हर परत लावायला गेला, तर आता ते बसेना. बोटभर अंतर काही केल्या मिटत नव्हतं. त्यानं हातोडी उचलली, तेवढ्यात पलीकडून एक वयस्क मिस्त्री ओरडले, "ठोकू नको रे! ब्रेक लागलाय त्याला."

"काका, मशीन बंद आहे. ब्रेक कसा लागेल?"

त्या पोराचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर देताना या यंत्राचा निम्मा इतिहास सांगावा लागतो.

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये आन्द्रेआस श्टील यांनी 1926 साली विजेवर चालणारी चेनसॉ बनवली. तिचं वजन 48 किलो होतं आणि ती पेलायला दोन माणसं लागत. त्या काळच्या चेनचे दात हातकरवतीच्या दातांसारखेच, लाकूड खरवडणारे होते. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला 1946 साली एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी दिसली. उजवा-डावा जबडा आलटून पालटून चालवत ती लाकूड सहज पोखरत होती. त्या जबड्यावरून त्यानं दातांचा नवा आकार घडवला आणि 1947 पासून ती चेन विकायला सुरुवात केली. आज आपण वापरतो ती चेन त्याच घराण्यातली. 1950 मध्ये श्टीलचीच एका माणसाला पेलणारी, 16 किलोची पेट्रोल सॉ आली. पुढे वजन घटत गेलं आणि वेग वाढत गेला.

धोका इथेच वाढला. आजची चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावते. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग एखाद्या फांदीला किंवा दडलेल्या गाठीला लागला की दात क्षणभर अडकतो. चेनला पुढे जाता येत नाही, मग तिची सगळी ताकद उलटते आणि बार वर उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. कारागीर म्हणतात, 'मशीननं झटका मारला.' दोन माणसांच्या हातातल्या अर्ध्या क्विंटलच्या धुडाला असं उसळणं जड जात होतं. एकट्याच्या हातातलं हलकं यंत्र मात्र डोळ्याची पापणी लवण्याआधी खांद्यापर्यंत, मानेपर्यंत पोहोचतं. माणसानं सावध राहून हा झटका चुकवावा, इतका वेळच मिळत नाही. तो अडवायला यंत्रातच काहीतरी हवं होतं. श्टीलनं 1972 मध्ये चेन ब्रेक आणला आणि स्वीडनच्या हुस्क्वार्नानं 1973 मध्ये आपोआप लागणारा ब्रेक आणला.

पुढच्या मुठीसमोर उभा असतो तो गार्ड म्हणजे या ब्रेकचा दांडा. झटका बसला की डाव्या हाताचं मनगट त्याच्यावर आपटतं आणि तो पुढे जातो. हात पोहोचला नाही तरी झटका पुरेसा जोरदार असेल, तर गार्ड आपल्याच जडत्वानं पुढे पडतो. आत गुडघ्यासारखा एक सांधा असतो आणि त्याच्यामागे दाबून ठेवलेली जाड स्प्रिंग. गार्ड हलला की गुडघा मोडतो, स्प्रिंग सुटते आणि चेन फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवतीची पोलादी पट्टी गच्च आवळली जाते. सेकंदाच्या लहानशा अंशात चेन थांबते.

या सगळ्यात इंजिनाचा काहीही संबंध येत नाही. ब्रेकची ताकद स्प्रिंगमध्ये साठवलेली असते, ती आपण गार्ड मागे ओढताना भरतो. म्हणून मशीन बंद असलं तरी ब्रेक लागतो. वाहून नेताना गार्डला धक्का लागला, नट सोडवताना हात लागला, एवढंही त्याला पुरतं.

आता त्या वाडीतल्या कव्हरचं कोडं सुटतं. बऱ्याच यंत्रांत ब्रेकपट्टी त्या काढायच्या कव्हरच्या आतच बसवलेली असते. ब्रेक लागलेला असताना पट्टी ड्रमला मिठी मारून असते, त्यामुळे कव्हर निघत नाही. जोर लावून काढलंच, तर पट्टी आणखी आकसते आणि तिचं कडं ड्रमपेक्षा लहान होतं. मग ड्रम आत जाणार कसा? हातोडीनं ठोकलं तर पट्टी वाकते किंवा कव्हरचा कान तुटतो. काही यंत्रांत मात्र पट्टी मशीनच्या अंगावरच असते. तिथे कव्हर निघतं, बसतं, फक्त चेन हलत नाही. गार्ड मागे ओढला की काम झालं.

मिस्त्रीकाकांनी कव्हर हातात घेतलं. आतली बाजू फडक्यानं पुसली, तेलात भिजून घट्ट झालेला भुसा काडीनं उकरून काढला. त्या यंत्रात गार्ड मशीनवर राहतो आणि कव्हरवर फक्त सांध्याची एक खुंटी उरते. त्यांनी ती खुंटी मशीनच्या गार्डच्या खाचेत बसवली आणि कव्हर दोन्ही हातांनी धरून पिळलं. एका दिशेला ते तसूभरही हललं नाही. दुसऱ्या दिशेला जड गेलं, आणखी जड गेलं आणि 'खट्ट' आवाज झाला. पट्टी सैल झाली. पुढच्याच क्षणी कव्हर आपल्या जागी बसलं. चेनसॉच्या पान्यानंही ही खुंटी फिरवता येते. ज्या कव्हरला गार्ड जोडलेलाच असतो, तिथे कव्हर घट्ट धरून गार्ड मागे खेचायचा. स्प्रिंग दणकट असते, म्हणून बोटं सांध्यापासून लांब ठेवायची आणि डोळ्यांना चष्मा लावायचा. सांधा खोलून स्प्रिंग बाहेर काढायच्या फंदात घरी पडू नये. ती दबलेली असते आणि सुटली तर इजा करते.

कव्हर काढलेलंच आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घ्याव्यात. पट्टी सर्वात झिजलेल्या जागी 0.6 मिलिमीटरपेक्षा पातळ झाली असेल, तर ती बदलायची वेळ आली. आणि ड्रमभोवतीचा भुसा दर वेळी साफ व्हायला हवा, कारण तेलकट भुशानं ब्रेक कधी अडकतो, तर कधी लागतच नाही. यातलं दुसरं अधिक घातक, कारण ते कळतच नाही.

नवी चेन बसली की दातांची धार बारच्या वरच्या बाजूला टोकाकडे तोंड करून आहे ना, ते बघायचं. बारचं टोक वर उचलून ताण द्यायचा आणि नट आवळायचे. चेन बारच्या खालच्या कडेला लागून राहिली पाहिजे, तरी हातमोजा घालून ओढल्यावर सहज सरकली पाहिजे. मग मशीन जमिनीवर भक्कम टेकवून, ब्रेक लावून सुरू करायचं. दोन्ही हातांनी धरायचं, ब्रेक सोडायचा, पूर्ण रेस द्यायची आणि डाव्या मुठीची पकड न सोडता मनगटानं गार्ड पुढे ढकलायचा. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबली की लगेच रेस सोडायची, नाहीतर क्लच तापतो. चेन सरकत राहिली, तर त्या दिवशी त्या मशीननं एकही फांदी तोडू नये.

ब्रेक वरचेवर अडकतो म्हणून वैतागून पट्टीच काढून टाकलेला किंवा गार्ड तारेनं बांधलेला कटर मी पाहिला आहे. तो चालवणारा माणूस कामात तरबेज होता आणि ब्रेकची आपल्याला गरज नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण झटका कौशल्य बघून येत नाही. वादळानंतरच्या कामात तर तो हमखास भेटतो. एकात एक अडकलेल्या फांद्या, ताणाखाली वाकलेली खोडं, पावसानं निसरडी झालेली जमीन आणि दहा तास काम करून आंबलेले हात, असं सगळं तिथे एकत्र येतं.

मिस्त्रीकाकांनी मशीन पोराच्या हातात देताना एकच गोष्ट सांगितली. कटर चालवणाऱ्या प्रत्येकानं ती अंगवळणी पाडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे: नटाला पाना लावण्याआधी गार्ड मागे ओढा आणि 'खट्ट' आवाज ऐका. मगच कव्हर काढा.