विशेषनामाकडून सर्वनामाकडे : विक्रीस काढलेल्या घराची मांडणी

विक्रीस काढलेले घर गिऱ्हाइकास दाखविण्यापूर्वी त्यातील सामान विशिष्ट हेतूने लावण्याची जी पद्धती अमेरिकेत रूढ आहे, तिला ‘होम स्टेजिंग’ अशी संज्ञा आहे. सिअ‍ॅटल परिसरात घरविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या बार्ब श्वार्झ यांच्याकडे तिचे जनकत्व सामान्यतः दिले जाते. आपण १९७२ साली या पद्धतीचा प्रथम अवलंब केला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संज्ञा रंगभूमीवरून आलेली असल्यामुळे ‘नेपथ्य’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. तथापि नेपथ्य मुद्दाम उभारावे लागते. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र भाड्याचे फर्निचर न आणता विक्रेत्याच्याच वस्तूंवर भागविण्याचा प्रकार हा आहे. त्यास ‘मांडणी’ हा शब्द अधिक यथार्थ होय. भांड्यांची फळी, वस्तूंची रचना आणि युक्तिवादाचा क्रम, या तिन्हींस मराठीत तो लागू पडतो.

रोलां बार्थ यांनी १९६४ साली चिन्हमीमांसेची मूलतत्त्वे सांगताना फर्निचरचे उदाहरण घेतले आहे. निरनिराळ्या घाटांच्या पलंगांतून एक पत्करणे हा निवडीचा अक्ष. पलंग, कपाट व मेज यांचे एका खोलीतील सान्निध्य हा अन्वयाचा अक्ष. खर्चिक मांडणी दोन्ही अक्षांवर चालते. अल्पखर्ची मांडणीस पहिला अक्ष बहुतांशी बंद असतो. शब्दसंग्रह तोच ठेवून वाक्य बदलावयाचे, म्हणजेच लोप आणि क्रम या दोन साधनांवर भिस्त ठेवावयाची, अशी तिची स्थिती आहे.

लोप हे यांतील प्रधान साधन. कुटुंबाची छायाचित्रे, मुलांची पारितोषिके, रेफ्रिजरेटरच्या दारावरील चिठ्ठ्या, धार्मिक चिन्हे या वस्तू प्रथम खोक्यांत जातात. घर सोडताना त्या बांधाव्याच लागणार असल्याने यास निराळा खर्च पडत नाही. गिऱ्हाईक कपाटे उघडून पाहते. म्हणून तीही अर्धी रिकामी केली जातात, कारण खच्चून भरलेले कपाट ‘येथे जागा अपुरी आहे’ असे सांगते. दुसरे साधन क्रमाचे. भिंतीस टेकविलेल्या खुर्च्या पुढे घेऊन समोरासमोर ठेवल्या, की बैठकीस संभाषणाचा अर्थ येतो. निजण्याच्या खोलीतील दिवा बैठकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात येतो, आरसा खिडकीसमोर जातो, आणि अडगळीची झालेली खोली पुन्हा अभ्यासाची होते. प्रत्येक खोलीचा एकच अर्थ लागावा, हा यामागील नियम.

या फेरफारांचा व्याकरणिक आशय असा : छायाचित्र हे विशेषनाम आहे, ते एकाच कुटुंबाचा निर्देश करते. खिडकीजवळची रिकामी खुर्ची सर्वनामासारखी असते. रोमान याकोबसन यांनी १९५७ च्या निबंधात ज्या शब्दांचा विचार केला, त्यांत ‘मी’ हा प्रमुख होय. तो ज्याच्या मुखी असेल त्याचाच होतो. त्या खुर्चीत गिऱ्हाइकाने मनोमन स्वतःस बसवावे, हे मांडणीचे साध्य आहे.

ते कितपत सिद्ध होते? अमेरिकेतील घरविक्री-दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या अहवालात, मांडणीमुळे गिऱ्हाइकास ते घर स्वतःचे म्हणून कल्पिणे सुलभ होते, असे त्याच्या बाजूच्या ८१ टक्के दलालांनी म्हटले. हे व्यावसायिकांचे मत आहे, मोजमाप नव्हे. उलटपक्षी लेन, सायलर व सायलर यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भिंतींचा रंग व फर्निचर यांमुळे घर राहण्यास किती चांगले याविषयीचे मत बदलले, परंतु गिऱ्हाईक देऊ करीत असलेली किंमत बदलली नाही. अर्थ पालटतो, मोल पालटतेच असे नाही; यास्तव थोड्या ऐपतीच्या विक्रेत्याने कर्ज काढून सजावट करण्यापेक्षा असलेल्या वस्तू हलविणे शहाणपणाचे ठरते. लोप आणि असत्य यांतील भेद मात्र पाळावा लागतो. जमिनीची भेग सतरंजीखाली झाकणे ही मांडणी नव्हे. ज्ञात असलेले महत्त्वाचे दोष उघड करण्याचे बंधन अनेक राज्यांच्या कायद्यांनी विक्रेत्यावर घातले आहे.

याहून गंभीर प्रश्न सर्वनामाच्या तटस्थतेचा आहे. गिऱ्हाइकाप्रमाणेच बँकेसाठी घराचे मोल ठरविणारा मूल्यांकनकारही हेच वाक्य वाचतो. वंशावरून भेदभाव करण्यास १९६८ च्या कायद्याने बंदी असतानाही, २०२० नंतर अमेरिकी वृत्तपत्रांत काही प्रकरणे उजेडात आली. कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपली छायाचित्रे उतरवून, गोऱ्या परिचितास घरात उभे करून दुसरे मूल्यांकन करविले, तेव्हा आकडा लक्षणीय वाढला. काही प्रकरणे न्यायालयातही गेली. घर तेच, भिंती त्याच. फक्त विशेषनाम गळले होते.

म्हणजे ज्यास ‘कोणाचेही’ घर म्हटले जाते, त्यातील ‘कोणी’ हा एका ठराविक वर्गाच्या चेहऱ्यावर बेतलेला असू शकतो. ज्यांचा चेहरा त्याच्याशी जुळतो, त्यांना छायाचित्र उतरविणे ही केवळ आवराआवर वाटते; इतरांना स्वतःस पुसून टाकावे लागते. पैशाच्या हिशेबात दोघांचा खर्च सारखाच शून्य दिसतो. अल्पखर्ची मांडणीचा अभ्यास करताना हा न मांडलेला खर्चही जमेस धरणे अगत्याचे आहे.