प्वेर्तो रिकोचा गव्हर्नर आणि त्याविषयीचे गैरसमज

अमेरिकेचा अध्यक्ष ज्या दिवशी निवडला जातो त्याच दिवशी, दर चार वर्षांनी, कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको या सुमारे बत्तीस लाख वस्तीच्या बेटावर गव्हर्नर, द्विगृही कायदेमंडळ आणि ७८ नगरांचे महापौर या सर्वांची निवडणूक एकत्र होते; आणि तिच्या बातम्या वाचताना आपल्याकडील चांगले सुबुद्ध वाचकही काही ठरावीक घोटाळ्यांत सापडतात.

पहिला घोटाळा खुद्द गव्हर्नराविषयीचा. राष्ट्रपतींनी नेमलेले राज्यपाल पाहण्याची सवय जडलेल्या मराठी माणसास असे वाटते की, परक्या सत्तेखालील मुलुखाचा गव्हर्नर वॉशिंग्टनहून सनद घेऊनच येत असला पाहिजे. एके काळी तसेच होते. १८९८ च्या पॅरिस-तहान्वये स्पेनने हे बेट अमेरिकेच्या स्वाधीन केल्यानंतर जवळजवळ अर्धशतक तेथील गव्हर्नर वरूनच नेमले जात, आणि बेटावर जन्मलेल्या मनुष्याची, म्हणजे हेसूस पिन्येरो यांची, त्या पदावर कायम नेमणूक व्हावयास १९४६ साल उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा बदलला. १९४८ मध्ये लुईस मुन्योस मारीन लोकमताने निवडून आले, आणि २ जानेवारी १९४९ रोजी हाती घेतलेली सूत्रे त्यांनी १९६५ पर्यंत सोडली नाहीत. तेव्हा हा अधिकारी आपल्या राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्यास जवळचा. मात्र कायदेमंडळातील बहुमतावर त्याचे आसन अवलंबून नाही.

हा भेद किरकोळ मानू नये. २००४ साली आनिबाल आसेवेदो विला अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास मताधिक्याने गव्हर्नर झाले, पण कायदेमंडळ प्रतिपक्षाच्या ताब्यात गेले. त्या खेपेस हजारो मतदारांनी स्वातंत्र्यवादी पक्षाच्या चिन्हाखाली खूण करून गव्हर्नरपदासाठी मात्र आसेवेदो विलांस पसंती दिली होती. अशी मिश्र मते ग्राह्य की बाद, हा तंटा बेटाच्या सर्वोच्च न्यायालयातून अमेरिकेच्या संघीय न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर ती मते मोजली गेली. जेथे निवडणूक केवळ उपचार असतो तेथे एकेका मतपत्रिकेवरून इतके रण माजत नाही.

कायदेमंडळात २७ सिनेटर आणि ५१ प्रतिनिधी असतात, हे खरे असले तरी पूर्ण खरे नव्हे. एखाद्या पक्षास सभागृहात दोन-तृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या तर, विशिष्ट अटींवर, विरोधी पक्षांना जादा जागा देण्याची तरतूद बेटाच्या १९५२ च्या घटनेत आहे. म्हणून सभासदसंख्या निकालागणिक बदलू शकते. विजयी पक्षाच्या उन्मादाला घटनेनेच घातलेला हा लगाम मला त्या दस्तऐवजातील सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांचीच झुंज तेथेही चालते, ही समजूत अशीच फसवी. तेथील पक्ष एकाच प्रश्नावर विभागले आहेत : बेटाने अमेरिकेचे घटक राज्य व्हावे, सध्याचीच व्यवस्था राखावी, की स्वतंत्र व्हावे? राज्यत्ववादी नव प्रगतिशील पक्षात २०२४ च्या जून महिन्यात विद्यमान गव्हर्नर पेद्रो पिएर्लुइसी यांस पक्षांतर्गत लढतीत जेनिफर गोन्सालेस यांनी हरविले; पिएर्लुइसी राष्ट्रीय राजकारणात डेमोक्रॅट, गोन्सालेस रिपब्लिकन, आणि पक्ष एकच! नोव्हेंबरात त्याच गव्हर्नरपदी निवडून आल्या, त्याही निम्म्याहून कमी मतांवर, कारण तेथे दुसऱ्या फेरीची पद्धत नाही.

१९१७ पासून अमेरिकेचे नागरिक असलेल्या या लोकांस अध्यक्ष निवडता येत असेल, असे अनेकजण गृहीत धरतात. येत नाही. तोच मनुष्य फ्लोरिडात बिऱ्हाड करील तर त्याला तो हक्क मिळतो, आणि बेटावर परतला की जातो. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात त्यांचा एकच आयुक्त बसतो. त्याला बोलता येते, पण विधेयकावरील अखेरच्या मतदानात भाग घेता येत नाही. त्याबद्दल ते करच भरत नाहीत, हा प्रवादही अर्धवट आहे : बेटावरील उत्पन्नावर संघीय आयकर बहुधा लागत नाही, परंतु सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर यांचा वसूल त्यांच्याकडूनही होतोच.

सर्वांत मोठा भ्रम मात्र असा की, निवडून आलेला गव्हर्नर जमाखर्चाचा धनी असतो. सत्तर अब्ज डॉलरांहून अधिक कर्जाखाली बेट दबल्यावर काँग्रेसने २०१६ मध्ये सात सदस्यांचे एक वित्तीय देखरेख मंडळ स्थापिले. लोक त्याला नुसते ‘ला हुंता’, म्हणजे ‘मंडळ’, म्हणतात. अंदाजपत्रकावर त्याची मंजुरी लागते, त्याच्या एकाही सदस्यास बेटावरील मतदाराने निवडलेले नसते, आणि गव्हर्नरास तेथे बसण्याचा मान असला तरी मत नाही.

२०२४ च्या त्याच मतदानदिनी घेतलेल्या सार्वमतात वैध मतांपैकी ५८ टक्क्यांहून अधिक मते राज्यत्वाच्या बाजूने पडली. या आकड्यावरून बेट आता एक्कावन्नावे राज्य होणार, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो कौल बंधनकारक नव्हता, आणि नवे राज्य सामावून घेण्याचा अखत्यार अमेरिकेच्या घटनेने एकट्या काँग्रेसकडे ठेवला आहे.